पहाटे पाचला उठणारी हवी आहे

२०२२च्या मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? मी माईकवर सांगून टाकलं, वर्षातून दोनदा देशाबाहेर जाणार. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "जा की. फक्त मला ओढू नकोस." यांचं म्हणणं सरळ आहे. रात्री स्वतःच्या उशीवर डोकं टेकलं पाहिजे. सोलापूरला भाच्याच्या लग्नाला गेले, तर अक्षता पडल्या, जेवण झालं, की संध्याकाळच्या गाडीनं परत. अशा माणसाला पासपोर्ट काढायला लावणं म्हणजे त्याचा छळच.

मग एकटीच जा, असं मुलगी म्हणते. तिला काय जातं सांगायला! एकटीनं जाण्याची मला भीती नाही, कटकट वाटते. विमानतळावर बाथरूमला जायचं तर बॅग कुणाकडे द्यायची? हॉटेलात एक डिश मागवली तर तीन माणसांना पुरेल एवढी येते. आणि बासष्टीच्या उंबरठ्यावर, रक्तदाब आणि थायरॉईड अशा दोन गोळ्या घेत असताना, रात्री छातीत कळ आली तर निदान शेजारच्या पलंगावरून "काय गं?" असं कुणीतरी विचारावं, एवढी माफक अपेक्षा.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. टूर. कंपनीचं नाव घेत नाही. सिंगापूर-मलेशिया. एकटीला खोली हवी तर जवळजवळ एक तृतीयांश रक्कम जादा, म्हणून मी खोली वाटून घ्यायला कबूल झाले. वाट्याला आलेल्या बाई स्वभावानं गोड होत्या, पण रात्री साडेअकरापर्यंत फोन स्पीकरवर ठेवून नातवाला झोपवायच्या. तो तिकडे झोपायचा, मी इकडे जागी. सिंगापूरला एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमच्या जवळून बस गेली. तिथं चोळ काळातल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, मला त्या बघायच्या होत्या. बस थांबली ती चॉकलेटच्या दुकानासमोर, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी ठरवलं, आता आपली माणसं आपण शोधायची.

बँकेतल्या मैत्रिणींचा आमचा एक ग्रुप आहे, मी धरून पंधरा जणींचा. तिथं खडा टाकून पाहिला. "व्हिएतनामला येणार का कुणी?" अर्ध्या तासात चौदाही जणींचे होकार, वर नाचणाऱ्या बाहुल्या. तारीख विचारल्यावर गळती सुरू झाली. एकीच्या सुनेचं बाळंतपण. एकीचा पासपोर्ट २०१९मध्येच संपलेला, तो अजून तसाच. एकीचं "नवरात्र होऊ दे", मग "दिवाळी होऊ दे", मग "संक्रांतीनंतर बघू". एकीनं तर विचारलं, तिथे ऊन असतं का. शेवटी राहिली एक, माझी तीस वर्षांची मैत्रीण, शेजारच्या काउंटरवरची. तिच्याबद्दल पुढे सांगते.

बाकीच्या तेरा जणींना मी दोष देत नाही. आपल्याकडे "हो, नक्की जाऊ या" हे एक प्रेमाचं वाक्य आहे. त्याचा अर्थ "मला तू आवडतेस" एवढाच घ्यायचा. मी त्याचा अर्थ "तिकीट काढ" असा घेतला, हा माझा बावळटपणा.

मग अनोळखी लोक. ओळखीतून ओळख, कुणाच्या नणंदेची मैत्रीण, कुणाच्या योगवर्गातल्या काकू. सात-आठ जणींशी बोलले. एका बाईंनी नऊ दिवसांत अकरा शहरांचा तक्ता पाठवला. एकीला सोबत हवी होती ती फोटो काढायला, म्हणजे तिचे. एक तरुण गृहस्थ अतिशय आदबीनं म्हणाले, "काकू, तुमचं सामान कमीच असेल ना? माझी एक बॅग तुमच्या नावावर टाकाल का?" तिथल्या तिथे नमस्कार केला. दुसऱ्याचं सामान आपल्या नावावर न्यायचं नाही, मग तो सख्खा भाचा का असेना. कस्टमवाल्यांसमोर बॅग ज्याच्या नावाची, आतला माल त्याचा.

माणसं मिळाली ती भलतीकडेच. रिकामपणाला काहीतरी हवं म्हणून मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकायला नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि मागच्या बाकावर आम्ही तीन म्हाताऱ्या. एक वाईच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, चौसष्ट वर्षांच्या, मुलाकडे पुण्यात राहणाऱ्या. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही. दुसरी सरकारी दवाखान्यातली निवृत्त फार्मसिस्ट, अठ्ठावन्नची, आमच्यात धाकटी. वर्ग सुटल्यावर चहा. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "मला समरकंदची वेधशाळा बघायची आहे, म्हणून रशियन शिकतेय. तुम्ही कशाला?" मी म्हटलं, मला अजून माहीत नाही.

वर्ग ही फार चांगली चाळणी आहे, हे मला नंतर उमगलं. वेळेवर कोण येतं, गृहपाठ कोण करतं, चुकल्यावर कोण चिडतं, चहाचे पैसे द्यायच्या वेळी कुणाचा हात पर्समध्ये अडकून बसतो, हे सगळं फुकटात दिसतं. सहा महिने आम्ही एकमेकींना असं बघत होतो आणि आपली पारख चालली आहे हे तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी मी एकदम परदेशाचं तिकीट काढलं नाही. कर्ज देण्याआधी कागद तपासायची सवय जात नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये आम्ही हंपीला गेलो. तिघी आणि माझी ती तीस वर्षांची मैत्रीण. पुण्याहून रात्रीच्या बसनं होसपेट, पुढे रिक्षा. चार दिवस, दोन खोल्या, रोज जोडी बदलायची असं मी ठरवलं होतं. कारण कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मातंग टेकडीवर सूर्योदय बघायचा ठरला. म्हणजे अंधारात, टॉर्च घेऊन चढायचं. पाचला बाई तयार, फार्मसिस्ट तयार, बूट घालून. माझी मैत्रीण पांघरुणातून म्हणाली, "सूर्य काय, पुण्यातपण उगवतो." नऊला उठली, मग तिला आंघोळीला गरम पाणी हवं, मग नाश्ता, मग केस वाळवायचे. आम्ही विठ्ठल मंदिरात पोचलो तेव्हा साडेअकरा. डोक्यावर ऊन, आणि पन्नासच्या नोटेवरच्या त्या दगडी रथापुढे फोटोसाठी शाळेच्या तीन सहलींची रांग. मी धुसफुसत होते. ती मात्र सावलीत बसून पेरू खात होती, अगदी सुखात. तेव्हा कळलं, चूक तिची नाहीच. ती सुट्टीवर आली होती, मी बघायला आले होते. तीस वर्षं शेजारी बसलो, सुखदुःखं वाटली, पण दोघींनाही तेव्हा सकाळी दहाचीच हजेरी होती. पहाटे पाचचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

परत आल्यावर तिनंच फोन केला. म्हणाली, "मला नको गं घेऊ तुमच्यात. तुझा चेहरा बघून मला पेरू कडू लागला." आजही दर गुरुवारी आम्ही भेटतो. प्रवास सोडून सगळ्या विषयांवर बोलतो.

त्याच चार दिवसांत आणखी एक गोष्ट उघडी पडली. मी घोरते. छत्तीस वर्षांच्या संसारात यांनी कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी दुसऱ्या सकाळी चहा देता देता सांगितलं, "तुम्ही घोरता. मोठ्यानं. मी कापूस आणलाय, काळजी नको." मी बाकीच्यांची परीक्षा घेत होते आणि नापास होता होता मीच वाचले.

पहिला परदेश व्हिएतनाम, मार्च २०२४. बाई, फार्मसिस्ट, मी आणि चौथी आमच्या सोसायटीतली चौतिशीची मुलगी. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. ई-व्हिसा पंचवीस डॉलरचा, घरी बसून भरायचा. ज्याचा त्यानं भरला. निघायच्या आठ दिवस आधी मी सगळ्यांचे कागद एकत्र करत होते, तर या मुलीच्या व्हिसावर जन्मतारखेचा दिवस आणि महिना उलटे. अशा कागदावर विमानात बसू देतील की नाही याचा जुगार कोण खेळणार? नवा अर्ज, पुन्हा पंचवीस डॉलर, आधीचे बुडाले. तीन-चार दिवस जीव टांगणीला, मग आला एकदाचा. त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे. एकीनं फॉर्म भरायचा, दुसरीनं पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर वाचायचं, मगच पैसे भरायचे. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. तिथं कोट्यवधींचे व्यवहार या एका नियमावर चालतात. मग आमचे पंचवीस डॉलर का नाही?

पैशांचं बोलायला हवं, कारण सोबती तुटतात ते बहुतेक इथे. पहिल्या दोन दिवसांत "राहू दे गं, मी देते" चाललं होतं. ऐकायला किती छान! पण तिकडे एका रुपयाला जवळजवळ तीनशे डाँग, कॉफीच हजारांत, त्यामुळे कोण किती देतंय याचा पत्ता कुणालाच नव्हता. होई आन या गावी तिसऱ्या रात्री फार्मसिस्ट जरा जास्तच गप्प होती. विचारल्यावर म्हणाली, "टॅक्सीचे पैसे सगळे मीच देतेय असं मला वाटतंय. वाटतंय, हेच मला आवडत नाहीये." हे वाक्य तिनं परत आल्यावर तिसऱ्याच कुणाला सांगितलं असतं, तर आमचा गट तिथेच संपला असता. बाईंनी लगेच वही काढली. त्या रात्रीपासून एक सामाईक पाकीट, प्रत्येकीनं त्यात दहा लाख डाँग टाकायचे. (आयुष्यात पहिल्यांदा दहा लाख रोख हातात धरले. तीन हजार तीनशे रुपये.) टॅक्सी, पाणी, प्रवेशाची तिकिटं त्या पाकिटातून. जेवण आणि खरेदी टीटीएमएम, तुझं तू माझं मी. रोज झोपण्याआधी हिशेब, दोन मिनिटं. हिशेब झाल्याशिवाय दिवा मालवायचा नाही.

'मी सन' या जागी गेलो, तो दिवस मात्र विसरणार नाही. होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, तिथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. १९६९च्या बाँबवर्षावात त्यांतली बरीच कोसळली. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी तिथं काही वर्षं जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२०मध्ये त्यांना एकसंध दगडाचं, नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. आम्ही सकाळी लवकर पोचलो, बसेस यायच्या आधी. एक तासभर चौघींपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. टेस्टर मुलगी एका भिंतीपाशी विटांचे सांधे बघत होती, बाई सावलीत डोळे मिटून बसल्या होत्या. शांत बसलेल्या माणसाला "काय झालं? बरं वाटत नाही का?" असं न विचारणारी माणसं मला मिळाली आहेत, हे त्या तासात लक्षात आलं.

टेस्टर नंतर आली नाही. तिला रजा मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर आमचं रात्री नऊला झोपणं तिला जड गेलं. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून आकाशकंदील लावतात. ती रात्र नेमकी मिळाली, आणि ही मुलगी नदीकाठी एकटी, आम्ही तिघी कापूस घालून गाढ. तिनं तसं तोंडावर सांगितलं. बरं केलं.

ऑक्टोबरमध्ये उझबेकिस्तान. दिल्लीहून ताश्कंद तीन तासांच्या आसपास, विमानात जेवण आवरेपर्यंत उतरायची वेळ. ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी गेलो. १९६६च्या जानेवारीत भारत-पाक करारावर तिथं सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी वारले. बाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या. रेडिओपाशी वडील उभे होते, एवढंच त्यांना आठवतं. खाण्याचे हाल झाले हे कबूल करते. पुलाव म्हणजे मांसाचाच. पण भोपळ्याचा सोमसा मिळाला, गोल नान, टोमॅटो, आणि आमच्याकडचं मेतकूट. दह्यात मेतकूट कालवून नानला लावलं, तर हॉटेलच्या मालकिणीनं डबीचा वास घेऊन थोडं मागून घेतलं.

समरकंदला शाह-ई-झिंदाच्या कबरींकडे जाताना उंच पायऱ्यांचा जिना आहे. चढताना आणि उतरताना मोजलेला आकडा सारखा आला तर पाप धुतलं जातं, असं तिथले लोक सांगतात. आम्ही तिघीही मोजत होतो. उतरताना फार्मसिस्टचा आकडा चुकला, ती थांबून मागे वळली, आणि घोटा मुरगळला. जमिनीवर बसूनच म्हणाली, "पाप शिल्लक आहे."

तिथे आमचं वर्गातलं रशियन कामाला आलं. दवाखान्यात मी "ज्द्येस बलित", म्हणजे इथे दुखतंय, एवढंच म्हणू शकले, पण तेवढ्यावर डॉक्टरचा चेहरा खुलला. एक्स-रे झाला, हाड शाबूत. विम्याच्या हेल्पलाइनला आधी फोन केला होता, बिलाची मूळ प्रत आणि चिठ्ठी जपून ठेवली. नंतर पैसे मिळाले, ठरलेली कपात सोडून. पण खरा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा होता. दुसरा दिवस उलुग बेग या तिथल्या खगोलज्ञ राजाच्या वेधशाळेचा. बाई ज्यासाठी रशियन शिकल्या, ती. पंधराव्या शतकात बांधलेली, नंतर गाडली गेलेली, १९०८मध्ये पुन्हा सापडलेली. ग्रहताऱ्यांची उंची मोजायची, जमिनीत उतरणारी दगडी चाप. बाई म्हणायला लागल्या, आपण तिघी हॉटेलवरच थांबू. फार्मसिस्ट उखडली. "तुम्ही दोघी इथं बसून माझ्या पायाकडे बघत राहिलात, तर तो लवकर बरा होणार आहे का? एकीनं थांबा, तेही दुपारपर्यंत. मग बदला." मी सकाळी थांबले, बाई गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. काय बघितलं हे त्यांनी आम्हाला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं. कंसाची त्रिज्या चाळीस मीटर, आकृती काढून, नॅपकिनवर. दुपारी मी रेगिस्तान नावाच्या जुन्या चौकात एकटी दोन तास बसले. कुणाचंच काही बुडालं नाही.

तेव्हा नियम पक्का झाला. एकीचं अडलं तर एकीनं सोबत करायची, उरलेल्यांनी जायचं. मीच तो शब्दात बांधला, वहीत लिहिला, तिघींनी सह्या केल्या. हसत हसत.

२०२५मध्ये युरोप ठरलं. पैशांची सोय आम्ही एव्हाना लावली होती. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीनं आपापल्या आवर्ती ठेवीत दहा हजार टाकायचे आणि ग्रुपवर पावती. बाई याला उलटी भिशी म्हणतात, कारण यात उचल कुणाचीच नाही. शेंगेन व्हिसाचे नव्वद युरो, तीस हजार युरोचा विमा, परत करता येतील अशीच हॉटेलं. अर्ज तिघींचे एकाच दिवशी, एकाच खिडकीवर, कागद मेकर-चेकर करून. तरी प्रत्येक अर्ज स्वतंत्र बघतात, सोबत जातोय याला तिथं काही किंमत नाही.

बाईंचा आला. फार्मसिस्टचा आला. माझा नाकारला. छापील कागदावर एका चौकटीत खूण.

बाईंचा फोन आला, "आपण सगळंच रद्द करू." मी म्हणाले, "वही काढा. पान दोन." बोलताना आवाज ठाम होता. फोन ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन उगाचच कुकर घासला. आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "सोलापूरला जाऊन येऊ या का? एक रात्र राहू हवं तर." इतक्या वर्षांतला हा त्यांचा सगळ्यात मोठा त्याग होता. आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी उठले, आणि बघते तर हे माझ्या आधी उठून बाहेरच्या पायरीवर. उशी वेगळी होती, झोप लागली नव्हती.

त्या दोघी चौदा दिवस फिरल्या. मी सांगितलं होतं, रोज फोटो पाठवू नका. त्यांनी पाठवले नाहीत. दया म्हणून नाही, सांगितलं होतं म्हणून. परत आल्यावर बाईंनी वही दिली, माझ्या हॉटेलच्या वाट्याचे परत आलेले पैसे पै-पैसा मांडलेले, आणि शेवटी एक ओळ: खोलीत फार शांतता होती, कापूस तसाच परत आणला.

त्यानंतर चार महिने आम्ही भेटलो नाही. बाई नातीच्या परीक्षेत, फार्मसिस्ट घराच्या रंगकामात. दर महिन्याच्या पाच तारखेला तीन पावत्या तेवढ्या पडत होत्या. काल रात्री नऊला, म्हणजे आमच्या झोपायच्या वेळेला, बाईंचा मेसेज आला. "तिबिलिसी, जॉर्जिया. मे. खिडकीची जागा तुमची."

मी उठून कपाटातून पासपोर्ट काढला, चष्मा लावून तारीख बघितली. सप्टेंबरमध्ये संपतोय. सहा महिने शिल्लक असलेले बरे. लिहिलं, "आधी नूतनीकरण. फॉर्म उद्या पाठवते, तपासा."